भर उन्हात टिश्यूची केळी लावताना पहिले चाळीस दिवस

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. शिरपूर तालुक्यात काळी जमीन, विहीर, ठिबक. गेल्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन एकरांत जी-९ या केळीच्या वाणाची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली आणि महिनाभरात जवळपास चौथा हिस्सा गेला. काही रोपं जागेवर वाळली, काही पोंग्यातून (मधल्या न उघडलेल्या पानातून) कुजली. रोपवाटिकावाले म्हणतात पाणी कमी पडलं, शेजारी म्हणतात पाणी जास्त झालं. यंदा रोपं मार्चअखेर मिळणार आहेत, बुकिंगचे पैसे देऊन झालेत. लावू की थांबू, आणि लावली तर रोज पाणी किती देऊ, एवढं तुम्हाला हवंय.

दोघंही बरोबर असू शकतात, आणि तेही एकाच शेतात. वाळलेलं रोप आणि कुजलेलं रोप ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं: बेडात पाणी भरपूर आणि रोपाच्या हुंडीत, म्हणजे पिशवीतून आलेल्या मुळांच्या गोळ्यात, मात्र कोरड. वाळतंय म्हणून माणूस पाणी वाढवतो, हुंडी तरीही भिजत नाही, आजूबाजूची काळी माती मात्र चिखल होते आणि मग शेजारची बरी रोपं कुजायला लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात ‘एकरी किती पाणी’ या हिशोबाला मी दुय्यम मानतो. पाणी हुंडीपर्यंत पोचतं का, हे आधी बघायचं.

त्याआधी लागणीच्या तारखेबद्दल, कारण तिथे बरंच काही तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे.

मार्चअखेर लावलेली जी-९ सगळं नीट जमलं तर सात-आठ महिन्यांत निसवते (घड बाहेर टाकते), म्हणजे नोव्हेंबरमध्ये. पुढे घड भरायला साडेतीन-चार महिने, थंडीमुळे थोडे जास्तच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं आणि दहा-बारा अंशांखाली केळीचं नवं पान निघणं जवळपास थांबतं. ऐन थंडीत निसवणारं झाड कमळ (केळफूल) पूर्ण बाहेर टाकत नाही, घड गळ्यातच अडकतो, फण्या आखूड राहतात. वेळेवर लागलेली रोपं यातून जेमतेम सुटतात. पण चौथा हिस्सा मेला आणि तुम्ही मेमध्ये नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरल्या, तर ती भरलेली रोपं नेमकी डिसेंबर-जानेवारीत निसवायला येतात. मरीचं खरं नुकसान तिथे होतं. रोपाची किंमत त्यापुढे किरकोळ आहे.

मग लोक मार्चमध्ये लावतातच का? पाण्यासाठी. मृग बागेचं, म्हणजे जूनमध्ये लावलेलं झाड पुढच्या एप्रिल-मेमध्ये घड घेऊन उभं असतं आणि तेव्हा त्याला रोज २५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं धरली तर दिवसाला साडेत्रेचाळीस हजार लिटर होतात. ज्यांची विहीर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तळ दाखवते त्यांना हे झेपत नाही. मार्चच्या लागणीत मे महिन्यात रोप लहान असतं, आठ-दहा लिटरवर भागतं, आणि पुढच्या उन्हाळ्याची झळ लागायच्या आत माल कापला जातो. त्यामुळे मेमध्ये तुमच्या विहिरीला रोज दोन-तीन तास भरवशाचं पाणी असेल तर मी तुम्हाला मृगातच लावा म्हणेन. पाणी तुटत असेल तर उन्हाळी लागण रास्त आहे, पण मग ती फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत आटपलेली बरी. त्या दिवसांत पान सात-आठ दिवसांनी निघत राहतं आणि ४४ अंशांची झळ लागेपर्यंत रोपाकडे स्वतःची सहा-सात नवी पानं असतात. मार्चचा तिसरा-चौथा आठवडा ही त्यातली शेवटची गाडी. एप्रिलमधली लागण मी कुणाला सुचवत नाही.

आता रोपाकडे येऊ. टिश्यूचं रोप म्हणजे एका निवडक झाडाच्या कोंबापासून प्रयोगशाळेत वाढवलेली हुबेहूब नक्कल. बाटलीत त्याला साखर आयती मिळते आणि हवा ओलीगच्च असते. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट बसलेला नसतो, पानाची रंध्रं मिटायची सवय त्याला नसते. कंदापासून लावलेल्या केळीला पहिले काही आठवडे कंदातल्या साठ्यावर काढता येतात. टिश्यूच्या रोपाकडे असा साठा नाही, त्याचं सगळं मूळ त्या दोन मुठींच्या हुंडीत असतं. मेणाचा थर आणि रंध्रांची शिस्त तयार होते ती हार्डनिंगमध्ये, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावताना: आधी चार ते सहा आठवडे पॉलिहाऊसमध्ये ट्रेत, मग सहा ते आठ आठवडे शेडनेटखाली पिशवीत. मागणी जोरात असली की काटछाट होते ती या दुसऱ्या टप्प्यात. तीन-चार आठवड्यांची पिशवी तुमच्या दारात येते आणि दिसायला ती जास्तच हिरवीगार, लुसलुशीत असते. उन्हाळ्यात त्या लुसलुशीतपणाला भुलू नका.

रोप घ्यायला स्वतः जा. उंची एक ते दीड फूट, चांगली पाच-सहा पानं, खोडाचा घेर पाच-सहा सेंटिमीटर, बुडाशी जाड आणि वर निमुळतं. पान दोन बोटांत धरून दुमडलं तर थोडं चामट लागलं पाहिजे. कागदासारखं पातळ पान अजून सावलीतलं आहे. मग रोपवाटिकावाल्यांना विचारून चार-पाच पिशव्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काढा आणि उभ्या चिरून बघा. मुळं पांढरी आणि हुंडीच्या कडेपर्यंत आलेली हवीत, हुंडी हातात घेतल्यावर सुटून पडता कामा नये. मुळं तपकिरी आणि पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं आहे. तेही जमिनीत लवकर पाय पसरत नाही. शेवटचे दहा-पंधरा दिवस रोपं नेटबाहेर, उघड्या उन्हात ठेवून मिळतील का हे आधीच बोलून घ्या. ते देणार नसतील तर रोपं दोन आठवडे आधी उचला आणि हे काम तुम्ही शेतावर करा: पहिले चार-पाच दिवस झाडाच्या विरळ सावलीत, मग सकाळचं ऊन दहापर्यंत, मग बारापर्यंत, शेवटी दिवसभर. या काळात पाणी बंद करू नका, फक्त दोन पाण्यांतलं अंतर थोडं ताणा.

विषाणू तपासणीचं लेबलही मागा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणनाची पद्धत २००६ पासून आहे, त्यात केळीचे मुख्य विषाणू तपासले जातात. लेबल म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे, पण बिलाबरोबर ते जपून ठेवलं तर पुढे तक्रार करायला हातात काहीतरी असतं.

वाहतूक रात्रीची ठेवा आणि गाडीवर ताडपत्री किंवा नेट बांधा. चाळीस अंशांत उघड्या गाडीतून दोन तास वारा खाल्लेलं रोप शेतात येतं तेव्हाच अर्धं संपलेलं असतं, आणि ते आठ दिवसांनी कळतं.

बेडचं काम लागणीच्या तीन आठवडे आधी उरकून ठेवा. एक फूट उंच, अडीच-तीन फूट रुंद गादीवाफा, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत, झाडामागे दहा किलोच्या हिशोबाने. कच्चं शेणखत उन्हाळ्यात अजिबात नको. ते बेडात तापतं, वाळवी आणि हुमणी घेऊन येतं. लॅटरल (ठिबकची नळी) टाकून रोपांच्या जागा त्याच वेळी खुणा करून ठेवा, आणि खूण ड्रिपरजवळच (नळीतून पाणी ठिबकतं तिथे) करा. पुढचं सगळं गणित या खुणेवर आहे.

समजा तुमच्या लॅटरलला ५० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर आहेत आणि रोपं पाच फुटांवर. म्हणजे एका रोपामागे तीन ड्रिपर, ताशी १२ लिटर. अर्धा तास चालवलं की कागदावर रोपाला ६ लिटर मिळाले. प्रत्यक्षात हुंडीजवळ एकच ड्रिपर असतो, त्याचे २ लिटर. रोप दोन ड्रिपरच्या बरोबर मध्ये बसलं असेल तर पाणी २५ सेंटिमीटर लांब पडतं आणि अर्ध्या तासात ओल हुंडीपर्यंत पोचतच नाही. वरून बेड काळा, ओला दिसतो, आणि रोप मात्र मान टाकतं.

दुसरी गोष्ट कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची. पिशवीतलं मिश्रण भुसभुशीत, त्याची छिद्रं मोठी. काळी माती अगदी बारीक कणांची. कोरडी काळी माती हुंडीतलं पाणी टिपकागदासारखं ओढून घेते. आणि कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी झिडकारतं, वरून टाकलेलं पाणी हुंडीच्या कडेने खाली निघून जातं. हुंडी कोरडी पडली तर नुसतं ठिबक वाढवून ती परत भिजत नाही. त्यासाठी रोपाभोवती हाताने आळं करून तांब्या-दोन तांबे पाणी सावकाश, दोन-तीन वेळा थांबून द्यावं लागतं.

म्हणून दोन कामं चुकवायची नाहीत. लागणीच्या आधी दोन-तीन दिवस रोज तीन-चार तास ठिबक चालवून बेड फूटभर खोल भिजवा आणि वाफसा आला की लावा, म्हणजे माती हुंडीतलं पाणी ओढणार नाही. आणि लागणीच्या दिवशी सकाळी पिशव्या टबात पाण्यात अर्ध्या बुडवून ठेवा. बुडबुडे येतात तोवर आत कोरडी जागा आहे. बुडबुडे थांबले की काढून सावलीत निथळत ठेवा.

लागण दुपारी चारनंतर. रोपाला जमिनीत पहिली एक रात्र मिळणं फार मोलाचं आहे. पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका, हुंडी फुटली की बारीक मुळं तुटतात. खड्डा हुंडीपेक्षा थोडाच मोठा. हुंडीचा वरचा भाग बेडच्या पातळीला, फार तर दोन सेंटिमीटर खाली. वाऱ्याने हलू नये म्हणून रोप खोल गाडायची सवय अनेकांना आहे, आणि उन्हाळ्यातली निम्मी कूज त्यातूनच येते: कोवळ्या खोडाभोवती ओली तापलेली माती बसते आणि जीवाणूला आत शिरायला जागा मिळते. कडेची माती दोन्ही हातांनी दाबा, हुंडीवर दाब देऊ नका. हुंडी आणि माती यांत पोकळी राहिली तर मूळ तिथेच वाळतं. लावून झालं की लगेच ठिबक सुरू करा आणि प्रत्येक ओळीतून एकदा चालत जा. ड्रिपरचा थेंब हुंडीच्या कडेवर पडला पाहिजे, खोडावरही नको आणि चार बोटं लांबही नको. लॅटरल सरकू नये म्हणून तारेच्या खुंट्या मारा. उन्हात नळी लांबते, वळते, आणि सकाळी जागेवर असलेला ड्रिपर दुपारी वीतभर बाजूला गेलेला असतो. जिथे जुळतच नाही तिथे मायक्रोट्यूब जोडून थेंब हुंडीवर आणा.

पाण्याचं प्रमाण: पहिले दहा दिवस रोज दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. म्हणजे प्रत्येक वेळी हुंडीला १ लिटर आणि दिवसाचं रोपामागे एकूण ६ लिटर. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी पाणी सोडायचंच असेल तर एक लक्षात ठेवा, उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम असतं आणि ते थेट कोवळ्या मुळांवर पडतं. लॅटरलवर कुटार (भुसा) किंवा पाचट झाकलं तर हा त्रास बराच कमी होतो. थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीत असेल तर एक पाळी पहाटे द्या आणि संध्याकाळसाठी टाकीत थोडं पाणी ठेवा. पहिल्या आठवड्यात एक दिवसाचाही खाडा रोपाला सोसत नाही. दहा दिवसांनंतर एकच पाळी, सकाळी तीस ते चाळीस मिनिटं. मे महिन्यात रोप दोन महिन्यांचं झालं की पाऊण तास, म्हणजे ९ लिटर. हे आकडे मध्यम काळ्या जमिनीचे आहेत. जमीन भारी असेल तर दहा दिवसांनंतर एक दिवसाआड बघून द्या. मुरमाड असेल तर उलट, दोन पाळ्या महिनाभर चालू ठेवा.

आणि रोज बोट घालून बघा. एक बोट हुंडीत पहिल्या पेरापर्यंत, दुसरं हुंडीबाहेर चार बोटांवर. दोन्हीकडे सारखी ओल लागली तर ठीक. बाहेर चिखल आणि आत कोरडं लागलं तर ड्रिपर चुकलाय, पाणी वाढवू नका, ड्रिपर हलवा. दोन्हीकडे माती बोटाला चिकटून वर येत असेल तर पुढची पाळी सोडा. दहाव्या-बाराव्या दिवशी एक-दोन रोपांच्या कडेची माती खुरप्याने अलगद उकरा. हुंडीतून बाहेर दोन-तीन बोटं पांढरी शुभ्र मुळं आलेली दिसली की अर्धी लढाई झाली. तोवर वरून कितीही हिरवं दिसलं तरी रोप लागलं असं समजू नका.

सावलीसाठी आपल्याकडे तागाची पद्धत जुनी आहे आणि आजही ती सगळ्यात स्वस्त पडते. रोपाच्या खुणेपासून फूटभर, पश्चिमेच्या बाजूला तागाचे आठ-दहा दाणे लागणीच्या तीन आठवडे आधी टोका. दुपारी दोन ते पाचचं ऊन त्याच बाजूने येतं आणि मारतंही तेच. ताग फुलोऱ्यावर यायच्या आत कापून बेडवरच आच्छादन म्हणून पसरा. तुमच्याकडे आता तेवढा वेळ नसेल तर पांढऱ्या नॉन-वोव्हन कापडाचं क्रॉप कव्हर चार काड्यांवर लावा. त्याने ऊन कमी होतं, वारा अडतो आणि मावाही लांब राहतो. बुडाशी चार बोटं हवा खेळायला जागा सोडा, आणि पान वर टेकायला लागलं की कव्हर काढा. संध्याकाळी काढा, भर दुपारी नको.

प्लास्टिक मल्चिंग आधीच अंथरलेलं असेल तर रोपाभोवतीचं भोक वीतभर रुंद कापा आणि कडेला माती टाका. लहान भोकातून गरम हवा वर येते ती थेट खोडाच्या गळ्यावर. या लागणीला मी तरी कुटार किंवा उसाचं पाचटच पसंत करीन.

वाऱ्याचं म्हणाल तर पश्चिम आणि दक्षिण बांधावर शेवरी उभी असायला हवी होती. ती आता पेरून या उन्हाळ्यात कामाला येणार नाही, तरीही जूनमध्ये पेरा, निसवणीच्या वेळी लागेल. यंदापुरतं त्या दोन बाजूंना सहा-आठ फूट उंच हिरवी नेट बांधा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३च्या वर टिकायला लागला तर आठ टक्के केओलिनची (पांढऱ्या मातीच्या भुकटीची), म्हणजे १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम, फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने करता येते. पानावर पांढरा थर बसतो आणि पान कमी तापतं. पण हुंडी कोरडी असताना केओलिनचा काही उपयोग नाही.

लागणीनंतर आठवड्याभरात खालची दोन-तीन पानं कडेने भाजतील, पांढरट-तपकिरी पडतील. ती नेटखालची पानं आहेत, ती जाणारच. त्यांना कापू नका, जोवर हिरवा भाग आहे तोवर ती रोपाला पोसतात आणि खोडावर सावली धरतात. बघायचं ते पोंग्याकडे. पोंगा हिरवा, घट्ट आणि दोन-तीन दिवसांत बोटभर वर सरकलेला असेल तर रोप चालू आहे.

आता कूज. वाळणारं रोप पानाच्या टोकाकडून वाळतं, खोड मात्र शेवटपर्यंत टणक असतं. कुजणाऱ्या रोपाचा पोंगा आधी निस्तेज होतो, धरून ओढला तर हातात येतो आणि त्याच्या बुडाला घाण वास मारतो. रोप हलवलं तर गळ्याशी मोडतं, कंद जमिनीतच राहतो, आणि कंद कापला तर आत तपकिरी, पाणचट. हे आयर्विनिया जीवाणूचं काम, आणि गरम, तुंबलेली माती त्याला मानवते. असं रोप कंदासकट खणून शेताबाहेर न्या, खड्डा आठ-दहा दिवस उन्हात उघडा ठेवा, त्या ड्रिपरचं तोंड तोवर बंद करा. शेजारच्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम या प्रमाणात करून रोपामागे २०० मिली आळवणी (बुडाशी ओतून) द्या. उन्हाळी लागणीत ही आळवणी मी लागणीनंतर पाचव्या-सातव्या दिवशी सगळ्याच रोपांना एकदा द्यायला सांगतो आणि पंधरा दिवसांनी परत. जुन्या चिठ्ठ्यांत यासोबत स्ट्रेप्टोसायक्लीन लिहिलेलं सापडेल. सरकारने त्याचा शेतीतला वापर बंद केला आहे, दुकानात कुणी पुढे केलं तरी घेऊ नका. ट्रायकोडर्मा, अ‍ॅझोस्पिरिलम, पीएसबी अशी जैविक खतं-औषधं द्यायची असतील तर कॉपरच्या आळवणीनंतर दोन आठवडे थांबा, नाहीतर पैसे वाया.

खताची घाई नको. पहिलं नवं पान पूर्ण उघडेपर्यंत काहीही देऊ नका. हुंडी कोरडी असताना युरिया गेला तर मुळं भाजतात, आणि दोष परत उन्हावर जातो. पूर्ण पिकाला झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश ही आपल्याकडची शिफारस. स्फुरद बेड भरतानाच सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या, झाडामागे २५० ग्रॅम. बाकीचं ठिबकमधून, पहिल्या सोळा आठवड्यांत हजार झाडांना आठवड्याला साडेचार किलो युरिया आणि तीन किलो पोटॅश, तेही ओलीवर आणि पाण्याच्या पाळीच्या मधल्या भागात. विहिरीच्या पाण्याची ईसी (क्षारांचं माप) तपासून घ्या. ती १ च्या वर असेल तर हे हप्ते आणखी लहान करा, कारण केळीला खारटपणा अजिबात सोसत नाही आणि उन्हाळ्यात मीठ हुंडीच्या वरच्या थरात साचतं.

तुम्ही लिहिलंय की शेजारी टरबूज आहे आणि तुम्हाला बेडवर काकडी घ्यायची आहे. काकडी नको. काकडी, टरबूज, भोपळा, मिरची, चवळी ही सगळी सीएमव्हीची, म्हणजे आपल्याकडच्या हरण्या रोगाची घरं आहेत, आणि मावा तो रोग तिथून केळीवर आणतो. रावेर-यावलकडे २०२० च्या पावसाळ्यात याने लोकांना उभ्या बागा उपटायला लावल्या. शेजारचं टरबूज तुम्ही हलवू शकत नाही, पण ते निघताना त्याचे वेल बांधावर पडू देऊ नका, कारण वेल सुकले की मावा तिथून उठतो. मधे नेट बांधा, पिवळे चिकट सापळे लावा, आणि मावा दिसला तर थायामेथोक्झाम २५ टक्के, १० लिटरला २ ग्रॅम. फवारा पानाच्या खालून आणि बांधावरच्या तणावरही. पानांवर शिरांच्या मधे तुटक पिवळे पट्टे, पान आखूड आणि वाकडं, असं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटून खोल गाडा. त्याच्यावर औषध नाही.

नांग्या भरण्यासाठी पाच टक्के रोपं जास्तीची घ्या आणि ती मोठ्या पिशवीत नेटखाली वाढवत ठेवा. भरणी लागणीपासून वीस-पंचवीस दिवसांतच, आणि रोप शेतातल्या रोपाएवढंच हवं. त्यानंतर पडलेली जागा मी मोकळी सोडीन. उशिराचं रोप मोठ्यांच्या सावलीत दबतं आणि वर सांगितलं तसं थंडीत निसवतं.

आता तुमच्या बुकिंगचं. रोपवाटिकावाल्यांशी बोलून मार्चच्या मध्यापर्यंत माल मिळतोय का बघा. पंधरा दिवस आधी मिळाला तर वरची सगळी तयारी करून लावा. मार्चअखेरच मिळणार असेल, विहीर मेमध्ये तुटत असेल आणि बेड, सावली, ड्रिपर तयार असतील तर एकच एकर लावा, ज्याला पाणी आणि माणूस दोन्ही पुरेल तेवढंच. उरलेली रोपं मृगापर्यंत सांभाळता येतात. त्यांना लहान पिशवीतच अडकवून ठेवू नका, मुळं गोल फिरतील. मोठ्या पिशवीत, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत असं मिश्रण भरून हलवा, ५० टक्के नेटखाली पिशव्यांत हातभर अंतर ठेवा, रोज झारीने पाणी आणि पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लिटरला ३ ग्रॅम. मे संपता संपता नेट काढून पंधरा दिवस उघड्यावर ठेवा. पहिल्या चांगल्या पावसानंतर ही रोपं लावली की शेतात अडखळत नाहीत, फक्त त्या एकराला पुढच्या मेमध्ये झाडामागे पंचवीस लिटर पाणी लागेल, ते तुमच्याकडे असेल का हे आत्ताच मोजून ठेवा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूज दिसली तर कापलेल्या कंदाचा फोटो आणि ड्रिपरपासून रोपाचं अंतर, दोन्ही पाठवा. नुसत्या पानाच्या फोटोवरून वाळणं आणि कुजणं वेगळं सांगता येत नाही.